डोरिट हाल्डेनचा आवाज

“पुन्हा,” डोरिट म्हणाली.

“नोन सोनो तुआ माद्रे,” मी म्हटलं.

“नोन सोनो तुआ माद्रे.”

“‘माद्रे’तला र जिभेच्या शेंड्यावर हवा. तुमचा घशात राहतोय.”

“साठ वर्षं तिथेच राहिलाय तो. आता कुठे घर बदलायला लावता त्याला?”

ती उठली, खिडकीपाशी गेली. बाहेर बोरा सुटला होता. त्रिएस्तेत डोंगरावरून समुद्राकडे घोंघावत येणाऱ्या वाऱ्याला बोरा म्हणतात. हॉटेलसमोरच्या रस्त्यावर एक गृहस्थ टोपीमागे धावत होते. डोरिटने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं, टोपी समुद्रात गेल्याची खात्री करून घेतली आणि परत येऊन बसली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

‘मी तुझी आई नाही’ एवढाच त्या इटालियन वाक्याचा अर्थ. सकाळपासून आम्ही दोघी तेच घोटत होतो.

ही गोष्ट १९९८च्या नोव्हेंबरातली. माझ्या नवऱ्याला त्रिएस्तेच्या पदार्थविज्ञान संस्थेत काम मिळालं, म्हणून पुण्यातले माझे जर्मनचे वर्ग बंद करून मी तिकडे गेले होते. इटालियन मी आधी भाजीबाजारात शिकले आणि नंतर पुस्तकात. दोन्ही भाषा येणारी आणि दिवसा मोकळी असणारी बाई म्हणून गावात मला दुभाष्याचं काम मिळू लागलं. बहुतेक वेळा कॉफीच्या व्यापाऱ्यांचं, क्वचित कोर्टातलं. सिनेमाचं हे पहिलंच.

डोरिट हाल्डेन हे नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं. पण ज्यांनी ऐकलं होतं, त्यांच्यासाठी ती देवीच होती. साठच्या दशकाच्या शेवटी ती ऑस्ट्रियातून रोमला आली आणि पाच-सहा वर्षांत डझनभर भयपटांतून दिसली. सिनेमे स्वस्तातले, घाईत उरकलेले. त्यांतले निम्मे पुढे कुणी पाहिलेही नसतील. पण तिचा चेहरा राहिला. लांब मान, फिकट डोळे, पापणी न हलवता समोर बघत राहण्याची ती तऱ्हा. १९७४मध्ये एका सिनेमाचं चित्रीकरण संपलं, ती स्टेशनवर गेली आणि परत आली नाही. मग दंतकथा सुरू झाल्या. कुणी म्हणे ती मठात गेली, कुणी म्हणे दिग्दर्शकाच्या प्रेमात वेडी झाली. अखेर फ्रान्समधल्या दोन विद्यार्थ्यांनी तिला शोधून काढलं. क्लागेनफुर्ट नावाच्या ऑस्ट्रियन गावात ती मोटार चालवायला शिकवत होती. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही सिनेमा का सोडला? ती म्हणाली, “आरसा बघा, इंडिकेटर द्या, मग वळा,” आणि पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

एक गोष्ट मात्र तिच्या भक्तांनाही ठाऊक नव्हती: तिचा आवाज. तेव्हा इटलीत चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नसत. सगळे नट आपापल्या भाषेत बोलत, आणि नंतर स्टुडिओत डबिंगचे कलाकार इटालियनमध्ये आवाज भरत. डोरिटच्या सगळ्या सिनेमांत तिचे फक्त ओठ हलतात. आवाज दुसऱ्याच एका बाईचा आहे. त्या आवाजाचीही कीर्ती झाली. ‘पांढरी विहीर’ या सिनेमासाठी डोरिटला रोममध्ये बक्षीस मिळालं, तेव्हा निर्मात्याने तिच्या गळ्याला रेशमी रुमाल गुंडाळला आणि बजावलं, घसा बसलाय म्हणून सांग, तोंड उघडू नकोस. ती हसत उभी राहिली. परीक्षकांनी भाषणात तिच्या आवाजाचं कौतुक केलं.

“त्या रात्री मी एक अख्खी कोंबडी खाल्ली,” डोरिटने मला सांगितलं. “एक शब्द न बोलता.”

त्रिएस्तेच्या सिनेमा महोत्सवाचा संचालक इवानो गास्पारी हा उत्साहाने फुटून जाईल असा माणूस होता. त्याची कल्पना अशी: ‘पांढरी विहीर’चा शेवटचा प्रसंग आवाज बंद करून दाखवायचा आणि डोरिटने मंचावर उभं राहून तो स्वतःच्या आवाजात म्हणायचा. ‘तीस वर्षांनी डोरिट हाल्डेनचा आवाज!’ अशी पत्रकं गावभर लागली होती.

तो प्रसंग मी तयारीसाठी पाहिला होता. एक दाई एका ओसाड बंगल्यात राहते. तिच्या हातून बुडालेली छोटी मुलगी विहिरीतून वर येते आणि तिला ‘आई’ म्हणते. दाई विहिरीच्या कठड्यावर बसून खाली बघत बोलत राहते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. ‘मी तुझी आई नाही. परत जा. पाण्यात परत जा.’ पहिल्यांदा हे वाक्य बर्फासारखं येतं. शेवटी मात्र ‘माद्रे’ म्हणताना आवाज मधेच चिरतो. त्या चिरण्यावर लोकांनी लेख लिहिले होते. पोरं टी-शर्टवर ते वाक्य छापून घेत.

“ते चिरणं मला जमणार नाही,” डोरिट म्हणाली. “आणि जमवायचंही नाही. नाटकी आहे.”

“मग कसं म्हणणार?”

“सरळ. पत्ता सांगावा तसं.”

तेवढ्यात दार वाजलं आणि हाने आत आली. ही डोरिटची भाची. डोरिट एकटी आगगाडीने येणार होती, पण इटलीत रेल्वेचा संप झाला, म्हणून हानेने तिला गाडीने आणलं. चाळिशीची, मोठ्या हाडाची बाई. मोटारशाळा आता तीच चालवत होती. सिनेमातलं तिला काही कळत नव्हतं आणि मावशीचे सिनेमे तिने पाहिलेही नव्हते; लहानपणी घरात मनाई होती आणि मोठेपणी उत्सुकता उरली नव्हती, असं तिने मला गाडीतून सामान काढतानाच सांगितलं होतं.

“जेवायला चला,” ती म्हणाली. “इथल्या माणसांना जेवण म्हणजे काय ते कळतं.”

जेवताना हाने मोकळेपणाने बोलत होती. मला हिंदुस्थानाबद्दल विचारत होती, बायका गाडी चालवतात का, रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवतात. मग म्हणाली, “तुमच्यात आईच्या बहिणीला वेगळा शब्द आहे का? आमच्यात सगळ्या एकाच मापाच्या. काकाची बायको, आईची बहीण, वडिलांची बहीण, सगळ्यांना एकच शब्द.”

“आहे की. मावशी. आणि एक म्हणही आहे, माय मरो, मावशी जगो. म्हणजे मावशी आईपेक्षाही जास्त माया करते.”

हानेने काटा खाली ठेवला. “ऐकलंस?” ती डोरिटला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “माझी आई या एप्रिलमध्येच गेली. डोरिट होती म्हणून मी निभावले. तुमच्या लोकांना बरोबर कळलंय.”

मला ओशाळल्यासारखं झालं. मी माफी मागितली. हाने हसून ‘अहो, छान म्हण आहे’ म्हणाली. डोरिटने पाण्याचा पेला उचलला आणि पूर्ण रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

दुपारी इवानोचा निरोप आला की त्याने एक गंमत योजली आहे. डोरिटला कॉफी घ्यायला बंदराजवळच्या जुन्या कॅफेत आणायचं. हाने किल्ला बघायला गेली होती. आम्ही दोघी गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी इवानो एका ठेंगण्या, गुबगुबीत बाईंशी बोलत बसला होता. सत्तरीच्या असतील. ओठांना लाल रंग, कॉलरला फर. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या वेटरला सांगत होत्या, “आणि केक आणताना त्यावर साय घालू नकोस, बाळा.”

माझ्या अंगावर काटा आला. विहिरीवरचा तो आवाज. जसाच्या तसा. आणि तो केक मागवत होता.

डोरिट जागीच थांबली.

“लुचाना बेल्त्रामे!” इवानो उभा राहून म्हणाला. “तुमचा आवाज! आणि तुमचा चेहरा! इतक्या वर्षांत कधी भेटला नाहीत ना? या, बसा!” एवढं बोलून, फोटोग्राफरला घेऊन येतो म्हणत तो बाहेर पळाला.

लुचानाबाईंनी डोरिटचे दोन्ही हात हातात घेतले. “केवढ्या उंच आहात हो! पडद्यावर कळतच नाही.”

मी भाषांतर केलं. डोरिटने हात सोडवून घेतले आणि बसली.

“त्यांना विचारा,” ती मला म्हणाली, “माझ्यासारख्या किती जणींसाठी त्या बोलल्या.”

“कोण मोजतंय!” लुचानाबाई हसल्या. “सकाळी राणी, दुपारी मोलकरीण. ‘पांढरी विहीर’च्या आठवड्यात तर मी दुपारची बदक होते. मुलांच्या कार्टूनमध्ये.”

“म्हणजे मी आणि एक बदक.”

“बदक सोपं होतं. तुम्ही अवघड होतात.”

हे मी जर्मनमध्ये सांगितल्यावर डोरिटने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मी कशी अवघड?” ती म्हणाली. “मी तर आकडे म्हणत होते. दिग्दर्शक मेल्लीने सांगितलं होतं, संवाद पाठ करू नकोस, वेळ जातो, एक दोन तीन म्हण, नंतर बघून घेऊ. सगळे तेच करायचे.”

लुचानाबाईंनी कॉफीत साखर घातली, ढवळली. मग माझ्याकडे बघून बोलू लागल्या, हलक्या आवाजात.

“बाई, हे नीट सांग त्यांना. डबिंगच्या वेळी एकेका प्रसंगाच्या फिल्मची पट्टी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून देतात. ती फिरत राहते. तोच चेहरा, तेच ओठ, पुन्हा पुन्हा. त्या प्रसंगाला आम्हांला पूर्ण सकाळ लागली. आणि माझी आजी या गावातली जुनी, ऑस्ट्रियाच्या राज्यातली. घरात जर्मन बोलायची. मला बोलता येत नाही, पण कानावर पडलेलं आहे. ओठांवरूनही ओळखू येतं. त्यांना म्हणावं, पहिले काही आकडे होते. नंतर आकडे नव्हते.”

मी सांगितलं.

“त्या म्हणत होत्या,” लुचानाबाई म्हणाल्या, “मी तुझी आई आहे.”

दुभाष्याने दुसऱ्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच बोलायचं असतं. ‘त्या म्हणतात की’ असं मधे घालायचं नसतं. हा धंद्याचा पहिला नियम. म्हणून मी डोरिट हाल्डेनच्या डोळ्यांत बघून जर्मनमध्ये म्हणाले, “तुम्ही म्हणत होतात, मी तुझी आई आहे.”

तिचा चेहरा अगदी सिनेमातल्यासारखा झाला. पापणी हलली नाही.

“मी मेल्लीकडे गेले,” लुचानाबाई पुढे बोलत होत्या. “म्हटलं, ही बाई उलटंच काही बोलतेय. तेच राहू द्या, ‘आई आहे’ असंच म्हणते मी, सिनेमा मोठा होईल. तो हसला. म्हणाला, लुचाना, भुताला आई नसते, लिहिलंय तसं म्हण. मग मी म्हटलं. सकाळभर म्हटलं. समोर त्या ‘आहे’ म्हणताहेत आणि मी ‘नाही’. शेवटच्या वेळी माझा आवाज फुटला. मी म्हटलं पुन्हा घेऊ. मेल्ली म्हणाला, नको, हेच ठेवा.” त्यांनी केकचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “लोक त्याला अभिनय म्हणतात.”

हे सगळं मी सांगून संपवलं तेव्हा डोरिट उभी राहिली. कोट उचलला आणि बाहेर चालू लागली. मी लुचानाबाईंकडे पाहिलं.

“जा तिच्यामागे,” त्या म्हणाल्या. “मी बिल देते.”

धक्क्यावर वारा इतका होता की पाठ फिरवल्याशिवाय बोलता येत नव्हतं. डोरिट एका बंद गोदामाच्या भिंतीच्या आडोशाला थांबली.

“एकोणीस वर्षांची होते,” ती म्हणाली. “गेरट्रूडला, माझ्या बहिणीला, मूल होत नव्हतं. दोघी डोंगरातल्या एका गावी जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा मूल तिचं होतं. सोपं वाटलं सगळ्यांना. मलाही. पुढे दहा वर्षांनी मी रोमला आले.”

“आणि परत गेलात.”

“गेरट्रूडने एकच अट घातली. ‘मी जिवंत आहे तोवर हानेला सांगायचं नाही.’ मी म्हटलं, ठीक आहे, पण मला तिच्याजवळ राहू दे. मग मोटारशाळा. हाने अठराची झाली, तेव्हा तिला गाडी मी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून. लोकांना वाटतं, मी कुठल्या मोठ्या दुःखाने सिनेमा सोडला. मला नोकरी मिळाली होती.”

“आता तर गेरट्रूड नाहीत.”

“एप्रिलपासून नाही. एप्रिलपासून रोज सकाळी ठरवते. रोज कॉफी पिऊन होते आणि हाने कामाला जाते.”

“मग संध्याकाळचा कार्यक्रम रद्द करू. मी इवानोला सांगते.”

“हाने येणार आहे बघायला. पहिल्यांदा. समोर बसणार, आणि मी तिला तोंडावर म्हणणार, मी तुझी आई नाही.” डोरिट हसली, तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “नाही. रद्द नको. जाहीर झालंय. लिहिलंय ते म्हणेन आणि घरी जाईन. एवढी वर्षं ते माझ्या तोंडून निघतच आलंय.”

सिनेमागृह भरलं होतं. गंभीर चेहऱ्याची, काळे कपडे घातलेली तरुण मुलं, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका, ज्या फुकट असेल त्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात. हाने तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. लुचानाबाई पहिल्या रांगेत. मी मंचाच्या डाव्या बाजूला, छोट्या टेबलाशी, माइकसमोर. माझं काम फक्त प्रास्ताविकापुरतं होतं. इवानो बोलला, डोरिटने जर्मनमध्ये आभार मानले, मी ते इटालियनमध्ये सांगितले. मग दिवे गेले.

पडद्यावर विहीर आली. एकतिशीची डोरिट कठड्यावर बसली आणि खाली वाकली. आवाज नव्हता. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मंचावरच्या उजेडाच्या लहानशा वर्तुळात साठीची डोरिट मान वर करून स्वतःकडे बघत होती. हातात तो इटालियन संवादाचा कागद.

ओठ हलू लागले. मला आता दिसत होतं: पहिले आकडेच होते. आइन्स, झ्वाय, द्राय. डोरिटनेही तिथे काही म्हटलं नाही. नुसती बघत राहिली. प्रेक्षकांत चुळबुळ झाली. इवानो पडद्यामागून मान काढून बघू लागला.

मग पडद्यावरच्या बाईचा चेहरा बदलला आणि मंचावरची बाई बोलू लागली. जर्मनमध्ये.

“हाने,” ती म्हणाली. “मी तुझी आई आहे.”

ओठ जुळले. इतक्या वर्षांत कधी जुळले नव्हते ते असे जुळले, की प्रेक्षागृहातून एक श्वास ऐकू आला. इटालियन आवाजात नेहमी किंचित मागेपुढे होणारं ते तोंड आता स्वतःचंच बोलत होतं.

“मावशी नाही. आई. मी तुला गेरट्रूडच्या हातात दिलं, तेव्हा तू झोपली होतीस. मी तुला उठवलं नाही. उठवलं असतं तर मला जाता आलं नसतं. मी रोज तुझ्या वयाच्या मुली बघते इथे. त्यांच्या आया त्यांना ओरडतात. मला तुला ओरडायचंय. घरी यायचंय.”

इवानो माझ्याकडे हात करत होता. बोला, भाषांतर करा, बोला! माझ्या टेबलावरच्या माइकचा लाल दिवा लागलेला होता. पहिलं वाक्य माझ्या जिभेवर तयारही झालं होतं. सवयीने ते आपोआप होतं. ‘सोनो तुआ माद्रे.’ सकाळपासून घोटलेलं वाक्य, एक शब्द वगळून.

मी पुढे वाकले आणि माइक बंद केला.

प्रेक्षकांपैकी पुष्कळांना काही कळलं नाही. गावात जर्मन जाणणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यातल्या एका बाईने रुमाल काढलेला मला दिसला. लुचानाबाई मान खाली घालून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांना ते सगळं पाठ होतं.

दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती.

हाने आम्हांला धक्क्यावर सापडली. कोट न घालताच गेली होती. डोरिटने आपला कोट तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“एकेचाळीस वर्षं,” हाने म्हणाली. “स्वयंपाकघरात सांगता आलं नाही तुला? गाडीत? काल तीन तास आपण दोघीच गाडीत होतो. बोगद्यात तू मला म्हणालीस, दिवे लाव. तेवढंच म्हणालीस.”

“हो.”

“आणि हे सगळं लोकांसमोर. सिनेमात.”

“मला दुसरीकडे जमलं नाही, हाने. इथेही मला जमलं नाही. पडद्यावरच्या तिला जमलं होतं. मी तिच्याबरोबर म्हणून टाकलं.”

हाने तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझी आई गेरट्रूड होती.”

“होतीच,” डोरिट म्हणाली.

हाने वळून हॉटेलकडे चालू लागली. डोरिट कोट हातात धरून तिथेच उभी राहिली. वारा कोट ओढत होता. मी तिला हॉटेलवर सोडलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले, तर हाने गाडीत बसून होती. इंजिन सुरू. मला बघून तिने काच खाली केली.

“तुमचं काम भाषांतर करायचं होतं ना? काल केलं नाहीत. का?”

“ते तुम्हांला उद्देशून होतं.”

तिने समोरच्या काचेतून समुद्राकडे पाहिलं. “तुम्ही इटालियनमध्ये सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, सिनेमातला संवाद आहे. म्हणता आलं असतं तसं.” मग म्हणाली, “त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या?”

डोरिट बॅग घेऊन पायऱ्या उतरत होती. हाने उतरली, तिच्या हातातून बॅग काढून घेतली आणि मागे टाकली. डोरिटने माझ्याशी हात मिळवला. तिचा हात गार होता.

“तुम्ही चांगल्या दुभाषी आहात,” ती म्हणाली, आणि गाडीत बसून पट्टा लावला.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलं की डोरिट हाल्डेनने मंचावर डोंगराळ ऑस्ट्रियातलं एक जुनं लोकगीत म्हणून दाखवलं आणि सर्वांना चकित केलं. इवानोने ते कात्रण मला पाठवलं, पण नंतर कधी काम दिलं नाही. मीही पुढे बोलण्याचं भाषांतर हळूहळू सोडलं आणि कागदावरचं घेतलं. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या. त्यात ‘मी’ येत नाही. सिनेमा नंतर डीव्हीडीवर आला, लुचानाबाईंच्याच आवाजात. पोरं अजून ते वाक्य टी-शर्टवर छापतात.

डोरिटची काही खबर मला मिळाली नाही. एकदा नाताळला दोघींच्या नावाने कार्ड आलं होतं, त्यावर फक्त सह्या होत्या, आणि कोणती कोणाची ते मला नीट ओळखता आलं नाही.

२००७च्या फेब्रुवारीत फोन वाजला. जर्मन बोलणारी बाई होती. माझा नंबर तिने महोत्सवाकडून मिळवला होता.

“क्लागेनफुर्टहून हाने बोलतेय. आठवत नसेन मी तुम्हांला.”

“हाने…” मला एक क्षण लागला. “डोरिटच्या…”

“मुलगी,” ती म्हणाली. “डोरिटची मुलगी. ती मंगळवारी गेली. मला वाटलं, तुम्हांला सांगावं.”

मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसले.

“सांगा,” मी म्हटलं.